मदत हवी आहे: सरन्यायाधीशांचे मत एकच, मग खटल्यांचे वाटप एकट्याकडे का?

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो आणि वर्गात विचारलेल्या एका प्रश्नाने गेला आठवडाभर अडलो आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पीठावर सरन्यायाधीशांचे मत इतरांइतकेच, म्हणजे एकच मोजले जाते, हे मी तिहेरी तलाकच्या 2017 सालच्या निकालावरून समजावून सांगत होतो. त्यात सरन्यायाधीश खेहर अल्पमतात होते आणि निकाल 3 विरुद्ध 2 असा त्यांच्या मताविरुद्ध लागला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, मत जर एकच, तर नवे सरन्यायाधीश कोण होणार याची एवढी चर्चा कशाला?"

याचे उत्तर कामवाटपात आहे, एवढे मला माहीत आहे. कोणता खटला कोणत्या पीठापुढे जाईल आणि घटनापीठावर, म्हणजे संविधानाच्या अर्थाचे महत्त्वाचे प्रश्न ऐकणाऱ्या किमान पाच न्यायाधीशांच्या पीठावर, कोण बसेल हे सरन्यायाधीश ठरवतात, म्हणूनच त्यांना 'मास्टर ऑफ द रोस्टर' म्हणतात. जानेवारी 2018 मध्ये चार ज्येष्ठ न्यायाधीशांनी पत्रकार परिषद घेतली, तीही मुख्यतः याच वाटपाबद्दलच्या नाराजीतून.

माझी अडचण याच्या पुढची आहे. न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीचा अधिकार अनुच्छेद 146 सरन्यायाधीशांना स्पष्ट शब्दांत देतो, परंतु खटल्यांच्या वाटपाबद्दल असे कलम मला संविधानात सापडले नाही. अनुच्छेद 145 खाली केलेले नियम आणि जुनी प्रथा यांवरच ते चालते असे दिसते. न्यायाधीशांच्या नेमणुकीत 'सरन्यायाधीशांचा सल्ला' या शब्दांचा अर्थ न्यायालयाने 1993 मध्ये एकट्याचे नव्हे, तर ज्येष्ठ सहकाऱ्यांसह बनवलेले मत असा लावला आणि त्यातून न्यायवृंदाची (कॉलेजियम, म्हणजे सरन्यायाधीश व ज्येष्ठ न्यायाधीशांचा गट, आज पाच जणांचा) पद्धत आली. मात्र वाटपाच्या नियमांतील 'सरन्यायाधीश' म्हणजेही न्यायवृंद समजावा, ही ज्येष्ठ वकील शांतिभूषण यांची मागणी जुलै 2018 मध्ये फेटाळली गेली. रोजच्या वाटपासाठी पाच जणांची बैठक घेणे व्यवहार्य नाही, हे मला पटते. पण घटनापीठे काही रोज बसत नाहीत, तेव्हा निदान त्यांच्यापुरता वेगळा विचार का होऊ नये?

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. एखाद्या प्रकरणाचा संबंध स्वतः सरन्यायाधीशांशी असल्याचा आक्षेप घेतला गेला, तर पीठ कोणी नेमायचे? नोव्हेंबर 2017 मध्ये असा वाद उभा राहिला, तेव्हा वाटपाचा अधिकार सरन्यायाधीशांचाच, असा निर्णय त्यांच्याच अध्यक्षतेखालील पाच जणांच्या पीठाने दिला. आपल्या प्रकरणात आपणच न्यायाधीश असू नये, हे तत्त्व मुलांना पहिल्याच प्रकरणात शिकवल्यानंतर हे उदाहरण त्यांच्यापुढे कसे मांडावे, हे मला खरोखरच कळत नाही.

येथे वकिली करणारे किंवा कायदा शिकवणारे सभासद असतील, तर त्यांनी या दोन मुद्द्यांवर निकालपत्रांतील नेमका युक्तिवाद बारावीच्या मुलांना समजेल अशा मराठीत सांगावा, ही विनंती. कोणते सरन्यायाधीश चांगले आणि कोणते वाईट, ही चर्चा कृपया या धाग्यावर नको. पुढचा तास सोमवारी आहे.