गाजरं मऊ पडली, हलवा कडू झाला. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. संक्रांतीला पुण्याच्या वन्सं येणार म्हणून मागच्या रविवारी चोइथराम मंडीतून लाल गाजरांची अख्खी धडी, म्हणजे ५ किलो, उचलली. हे म्हणत होते, "एवढी कशाला?" पण भाव जमला आणि हात आवरला नाही. घरी आल्यावर नळाखाली माती धुतली, पाल्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत भरली आणि फ्रीजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये सफरचंदांशेजारी कोंबली.

सहाव्या दिवशी पिशवी उघडली तर पाला काळा, चिकट. आठ-दहा गाजरं बुळबुळीत झालेली, ती टाकली. बाकीची मऊ, वाकवली तर वाकतील पण मोडणार नाहीत. त्यातल्या किलोभराचा हलवा केला. किस थेट उकळत्या दुधात टाकला, दूध फाटलं. साखर पडूनही मागाहून कडवट लागतो तो लागतोच, वर गाजराच्या आतल्या दांड्याचे तुकडे दातांत येतात. सासूबाईंनी एक चमचा खाल्ला, "चांगलाय" म्हणाल्या आणि वाटी सरकवली.

आता अडीचेक किलो उरलीत. त्यांचं काय करू? आणि पुढच्या वेळी निवडायची, ठेवायची कशी?

छत्रीबागकर: ताई, धुऊन ओली ठेवलीत तिथेच घात झाला. आणल्या आणल्या पाला छाटायचा, नाहीतर तो गाजरातलं पाणी ओढत राहतो. माती फडक्याने झटकायची, धुवायचं वापरायच्या वेळी. कोरडी गाजरं सुती फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये. फडकं ओलसर लागलं की बदलायचं. आणि ती सफरचंदं आधी बाहेर काढा! पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने गाजरं कडू होतात. तो कडूपणा साखरेने झाकत नाही.

लश्करवाली: ग्वाल्हेरहून. जाडजूड गाजर बघून भुलू नका, त्याचा दांडाही तसाच जाड. मध्यम घ्या. पाला जिथे फुटतो तिथला घेर बारीक असेल तर आतला दांडाही बहुधा बारीक निघतो. डोक्याशी हिरवं दिसलं तर तेवढं कापून टाका, ऊन लागून तिथे कडसर होतं. आणि ताजं गाजर वाकवलं की कटकन मोडतं (हा प्रयोग ठेल्यावर करू नका, मी बोलणी खाल्ली आहेत).

हलव्याला गाजर उभं चिरून दांडा काढा, मग किसा. किस आधी तुपात परता, अंगचं पाणी आटून कच्चा वास जाईपर्यंत. दूध वेगळं उकळून मग घाला, किलोला लिटरभर. साखर अगदी शेवटी, दोन-अडीचशे ग्रॅम. साखर पडली की पुन्हा पाणी सुटतं, ते आटेस्तोवर कलथा सोडायचा नाही. आणि बुळबुळीत गाजरांच्या पिशवीतली बाकीचीही नीट पारखून घ्या, आंबूस वास असेल तर दूध फाटणारच.

मूळ धागाकर्ती: वास नाही, नुसती मऊ आहेत. ती गेलीच का?

दांडियाबाजार: नाही हो! पाणी उडालंय, बाकी काही नाही. टोकं कापून तास-दोन तास बर्फाच्या पाण्यात बुडवा, बरीचशी कडक होतील. मग आमच्या बडोद्याचा संभारो करा. लांब चिरलेलं गाजर, कोबी, हिरव्या मिरच्या. तेलात मोहरी, हिंग, हळद. मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटंच, कचकचीत राहिलं पाहिजे. वरून लिंबू. उरलेल्यांच्या चकत्या करून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, कोरड्या करून फ्रीझरमध्ये. पुलावाला महिनोन्महिने चालतात. हलव्याला मात्र नवी आणा.

मूळ धागाकर्ती: बुडवून ठेवली. तासाभरात खरंच कडक झाली, पण एक चावून पाहिलं तर कडू ते कडूच. संभारोत मिरची नि लिंबाखाली ते कळलं नाही. सासूबाईंनी पोळीबरोबर दोनदा घेतला. उद्या पुन्हा मंडी, या वेळी दोनच किलो. फाटलेल्या दुधाचा तो हलवा अजून पातेल्यात आहे. ह्यांना डब्यात देऊ की नको?