प्लेन टेबल आणि रोव्हरच्या खुणेत ४ फूट फरक, कोणती धरायची?

शिवारकर: हद्द कायम मोजणीत (शेताची हद्द ठरवून खुणा देणाऱ्या सरकारी मोजणीत) पूर्वी प्लेन टेबलने (जागेवरच फळ्यावर कागद लावून नकाशा काढायची जुनी पद्धत) दिलेली खूण आणि आता रोव्हरने (उपग्रहांवरून जागा सांगणारं काठीवरचं यंत्र) दिलेली खूण यांत पूर्वेच्या बांधावर ४ फुटांचा फरक आहे. क्षेत्र मात्र सातबाऱ्याइतकंच भरतं. रोव्हर सेंटिमीटरमध्ये मोजतो, मग त्याचीच खूण बरोबर ना? निमताना मोजणीला (वरिष्ठांकडून होणाऱ्या फेरमोजणीला) जाण्याआधी काय तपासायचं?

साखळी३३: रोव्हर फक्त बिंदू कुठे आहे ते सांगतो. हद्द कुठून जाते हे टिपणातूनच, म्हणजे मूळ मोजणीच्या मापांच्या कागदातूनच काढावं लागतं, आणि टिपण शंकू-साखळीचं (शंकूने काटकोन काढायचा, साखळीने अंतर मोजायचं). ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. म्हणजे एक आणा २ फूट पाऊण इंच. सगळी मापं त्याच हिशेबात. त्यामुळे फूटभर इकडेतिकडे असणं मूळ कागदातच आहे, यंत्र कितीही भारी आणा. पण ४ फूट म्हणजे जवळपास २ आणे. हे नुसत्या गोळाबेरजेचं नाही, नकाशा बसवताना चूक झालेली दिसते.

क्षेत्र जुळलं यावर जाऊ नका. अख्खा गट ४ फूट सरकला तरी क्षेत्र तेवढंच राहतं.

आणेवारी: बसवणीबद्दल सहमत. मोजणीत आधी वहिवाट (प्रत्यक्ष ताबा जिथवर आहे ते) घेतात: बांधाचे कोपरे, विहीर, जुने दगड. मग त्यावर टिपण किंवा गट नकाशा बसवतात. इथे कोणते बिंदू पक्के धरले ते विचारा. दोनच दगड, तेही ६० मीटरवर आणि एकाच बाजूला असतील, तर त्यातला एक ३० सेंटिमीटर सरकलेला असला तरी २४० मीटरवरच्या बांधाला १.२ मीटर फरक पडतो. म्हणजे तुमचे ४ फूट! पक्के बिंदू चारी बाजूंना हवेत, शक्यतो शेजारच्या गटांतले धरून. नांगराने उकरलेला दगड खुशाल बाद करा.

जुन्या प्लेन टेबललाही सोडू नका. १:१००० च्या कागदावर पाव मिलिमीटरची पेन्सिलरेघ जमिनीवर २५ सेंटिमीटर होते, शिवाय दमट हवेत कागद फुगतो. उतारावर साखळी जमिनीलगत टाकली असेल तर वेगळाच घोळ: १० अंश उतारावरचे १०० मीटर आडवे ९८.५ च भरतात.

शिवारकर: पूर्वेचा कोपरा वडाखाली आहे. तिथे रोव्हर चालतो का?

साखळी३३: तिथेच गोम असू शकते. पडद्यावर ‘फिक्स’ (जागा पक्की ठरली) होतं की ‘फ्लोट’ (अजून अंदाजेच), हे महत्त्वाचं. फ्लोटवर घेतलेला बिंदू अर्धा-एक मीटर सहज चुकतो. दाट पानोळ्यात खोटा फिक्सही लागतो, म्हणून जोडणी तोडून, पुन्हा फिक्स घेऊन तोच बिंदू दुसऱ्यांदा मोजावा. काठीची उंची यंत्रात भरली तेवढीच आहे ना आणि काठी सरळ दाखवणारा बुडबुडा मधे आहे ना, तेही बघायचं.

वडाखाली सरळ ईटीएस (कोन आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) वापरायला सांगा. मोकळ्यावर रोव्हरने दोन बिंदू घ्यायचे, त्यांच्यातलं अंतर टेपने ताडायचं, एकावर ईटीएस मांडून दुसऱ्यावर रोखायचं आणि मग कोपरा घ्यायचा. अर्जासोबत ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळालेला नकाशा) जोडा. तीत वहिवाट तुटक रेषेत आणि हद्द अखंड रेषेत असते, शेजाऱ्याशी बोलताना ती आधी उघडा.