मदत हवी आहे: डीएनएस तपासणीत खऱ्या मेल अडकताहेत

नमस्कार मंडळी. सांगलीत हळद-बेदाण्याच्या एका अडत पेढीचा पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर सांभाळतो. स्पॅमसाठी कडक तपासणी लावली: पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएसमधली नोंद) हवा आणि ते नाव पुन्हा त्याच आयपीकडे वळायला हवं. स्पॅम घटला, पण तासगावच्या काही व्यापाऱ्यांच्या मेलही ४५० कोडवर (तात्पुरता नकार) अडकतात. त्यांचा पीटीआर आहे, पण ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) जुळत नाही. सौद्याच्या दिवशी दराची मेल उशिरा आली तर शेतकऱ्याचं नुकसान होतं, ते मला अजिबात नको आहे.

आता फक्त पीटीआर आहे का एवढंच बघावं आणि बाकीचं स्पॅमहाउस झेनवर (स्पॅमसाठी बदनाम आयपींची यादी) सोडावं, असं वाटतं. त्यासाठी अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवलाय (गूगलच्या सार्वजनिक ८.८.८.८ वरून विचारलं तर झेन दाद देत नाही). की पोस्टस्क्रीनमध्ये (पोस्टफिक्सची दारातली चाळणी) गुण देऊन ठरवावं? कुणी चालवत असेल तर सेटिंगसकट सांगा.