एमजेओचे पट्टे पूर्वेकडे पळतात, सरकत नाहीत: मॉडेलमध्ये दोष कोठे शोधावा?

प्रश्न

मॅडन-ज्युलियन दोलन, म्हणजेच विषुववृत्तालगत पाऊस आणि उघडीप आळीपाळीने आणत पूर्वेकडे सरकणारी हवामानातील संथ घडामोड (एमजेओ), अभ्यासण्यासाठी मी वातावरणाचे एक जागतिक मॉडेल चालवत आहे. त्यात समुद्रपृष्ठाचे तापमान निरीक्षणांवरून दिलेले असून जाळीच्या बिंदूंमधले अंतर सुमारे 100 किलोमीटर आहे. विषुववृत्तालगतचा पाऊस रेखांश आणि काळ अशा आलेखावर मांडला, की निरीक्षणांत 30 ते 60 दिवसांच्या अंतराने येणारे, हिंदी महासागराकडून पश्चिम प्रशांताकडे सेकंदाला साधारण 5 मीटर वेगाने सरकणारे रुंद पट्टे दिसतात. माझ्या आलेखात मात्र बारीक पट्टे सेकंदाला 15 मीटरच्या आसपास पळतात आणि 60 ते 90 अंश पूर्व या भागात जवळजवळ रोज थोडाथोडा पाऊस पडत राहतो. ढगांत बाजूची हवा ओढली जाण्याचे प्रमाण, म्हणजे एन्ट्रेनमेंट, वाढवल्यावर संथ पट्टे उमटले, पण सरासरी पावसाचा नकाशा बिघडला. या सुधारणेवर कितपत विसंबावे?

पहिला प्रतिसाद

पळणाऱ्या पट्ट्यांपेक्षा तो रोजचा थोडाथोडा पाऊस मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सेकंदाला 15 मीटरचे पट्टे बहुधा ढगांशी जोडलेल्या केल्विन लहरींचे, म्हणजे विषुववृत्तालगत पूर्वेकडे वेगाने जाणाऱ्या वातावरणातील लहरींचे आहेत. त्या निसर्गातही असतात, पण एमजेओ नव्हेत. एमजेओ संथ आहे, कारण त्याला बाष्प साठण्याची वाट पाहावी लागते.

हिंदी महासागरावर उघडीप असते तेव्हा पाण्यालगतच्या थरात बाष्प भरपूर असले, तरी 700 ते 500 हेक्टोपास्कल दाबाच्या थरातली, म्हणजे साधारण तीन ते सहा किलोमीटर उंचीवरची हवा बरीच कोरडी असते. अशा हवेतून वर चढणारा ढग कडेने कोरडी हवा ओढून घेतो, तिच्यात त्याचे थेंब विरतात, त्या बाष्पीभवनाने ढग थंड पडतो आणि पाच-सहा किलोमीटरच्या आतच थांबतो. तो थर ओला झाल्यावरच ढग 12 किलोमीटरच्या पुढे पोहोचतात. हिंदी महासागरात एमजेओची निरीक्षणे घेणाऱ्या 2011-12 च्या डायनॅमो मोहिमेत मालदीवमधील अड्डू प्रवाळद्वीपावरून सोडलेल्या फुग्यांनी ओल्या थराची ही वाढती जाडी टिपली. ही ओल उथळ ढग किती आणतात आणि हवेचा विस्तृत, मंद चढ किती, याविषयी संशोधकांत अजूनही मतभेद आहेत.

मॉडेलमधला ढग भोवतालच्या कोरडेपणाची दखलच घेत नसेल, तर तो रोज थेट माथ्यापर्यंत पोहोचतो, साठलेली अस्थिरता रोज खर्ची पडते आणि महिनाभराचे दोलन उभे राहायला काही शिल्लकच राहत नाही. युरोपीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राने 2007 च्या अखेरीस एन्ट्रेनमेंट भोवतालच्या सापेक्ष आर्द्रतेशी जोडले, तेव्हा त्यांच्या मॉडेलमधले एमजेओ लक्षणीय सुधारले. म्हणून आधी हवेच्या संपूर्ण स्तंभातील सापेक्ष आर्द्रता आडव्या अक्षावर आणि पाऊस उभ्या अक्षावर घेऊन पाहावे. निरीक्षणांतील वक्र बराच काळ सपाट राहून मग एकदम उभा चढतो. आपला कसा आहे?

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मान्य आहे. मात्र बिघडलेल्या सरासरी नकाशाकडे दुर्लक्ष करू नये. पावसाच्या पट्ट्याच्या पूर्वेला विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे वाहणारे विचलित (सरासरीपेक्षा वेगळे) वारे ओली हवा पसरवतात, तर पश्चिमेला उलट दिशेचे वारे कोरडी हवा आत आणतात, आणि त्यामुळे पट्टा पूर्वेकडे सरकतो. हे वारे जी ओल वाहून नेतात ती सरासरी बाष्पाच्या उतारावर, म्हणजे बाष्प एका ठिकाणाहून दुसरीकडे किती झपाट्याने कमी होते यावर अवलंबून असते. इंडोनेशियाच्या बेटांभोवती हा उतार मॉडेलमध्ये सौम्य असेल, तर पट्टा नेमका तेथेच विझतो.

आणखी एक सूचना. मोजमापासाठी केवळ एमजेओचे स्थान आणि जोर सांगणारा व्हीलर आणि हेंडन यांचा 2004 चा निर्देशांक वापरू नये. त्यात 850 आणि 200 हेक्टोपास्कलच्या, म्हणजे खालच्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांचे वजन जास्त असल्याने पाऊस जागचा हलला नाही तरी गुण चांगले मिळू शकतात.

तिसरा प्रतिसाद

निसर्गात समुद्रपृष्ठ सर्वाधिक तापते ते पावसाच्या आधी, उघडीप आणि मंद वाऱ्याच्या दिवसांत. तापमान बाहेरून दिले की ढगांचा समुद्रावर होणारा परिणाम मॉडेलमधून वगळला जातो. वरच्या थराचे साधे महासागरी मॉडेल जोडून पाहावे.

प्रश्नकर्ता

आलेख काढून पाहिला. मूळ मॉडेलचा वक्र कोठेही उभा चढत नाही. निम्म्याहून थोड्याच अधिक आर्द्रतेला पाऊस सुरू होतो आणि पुढे तसाच रेंगाळतो. एन्ट्रेनमेंट वाढवल्यावर वक्राला हवा तसा चढ आला, परंतु बेटांवरचे सरासरी बाष्प निरीक्षणांपेक्षा बरेच कमी झाले, आणि संथ पट्टे सुमारे 110 अंश पूर्वेला संपतात. निर्देशांकाने ही गोष्ट माझ्यापासून लपवली होती. आता एन्ट्रेनमेंट सरसकट न वाढवता भोवतालच्या आर्द्रतेशी बांधून पुन्हा चालवतो, आणि या वेळी दोलनाआधी बाष्पाचा सरासरी नकाशा तपासतो.