विषय: चौथीचा मिशन रिपोर्ट आणि डिसग्राफिया

नमस्कार मंडळी,

आम्ही फ्रीमॉन्टला राहतो. मुलगा चौथीत आहे. गेल्या वर्षी बाहेर तपासणी करून घेतली, डिसग्राफिया निघाला, म्हणजे हातानं लिहिताना येणारी अडचण. आता शाळेनं कॅलिफोर्नियातल्या एका मिशनवर, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांनी वसवलेल्या जुन्या धर्मकेंद्रावर, रिपोर्ट दिलाय, पाच परिच्छेद, तोही हातानं लिहून. त्यानं घराजवळचं मिशन सॅन होजे निवडलं. १७९७ हे स्थापनेचं साल, तिथं राबलेले इथले मूळ रहिवासी ओलोनी लोक, सगळं घडाघडा सांगतो. पण पेन्सिल धरली की चौथ्या ओळीला रडू. काल रात्री साडेदहा वाजले. शेवटी तीन ओळी मीच लिहून दिल्या आणि नंतर झोप लागली नाही. सासरे म्हणतात, रोज दोन पानं शुद्धलेखन काढायला लावा. बाईंशी काय बोलू? कुणी यातून गेलंय का?

– एक आई

---

ताई,

मी गेले आहे. माझी लेक आता कॉलेजात आहे, तिला डिसलेक्सिया, म्हणजे वाचताना अडचण.

आधी ते शुद्धलेखन थांबवा. तुमचे सासरे मायेनंच सांगताहेत, पण या मुलांची सगळी ताकद अक्षर वळवण्यातच खर्च होते, मग वाक्य सुचणार कुठून? आणखी दोन पानांनी हातही दुखतो आणि मनही.

उद्या बाईंना एवढंच विचारा, या रिपोर्टातून तुम्हाला काय तपासायचंय, इतिहास की अक्षर? इतिहास असेल तर त्याला टाइप करू द्या, किंवा बोलून लिहू द्या. गूगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंग आहेच. पाचाचे दोन परिच्छेद करून मागू नका. त्याला येतंय सगळं, अडतंय ते फक्त कागदावर उतरवताना. आमच्या बाईंनी लेकीला आपणहून सोपा धडा दिला होता. वर्गात आपण वेगळ्या पुस्तकातून शिकतो हे तिला कळलं, ते तिला फार लागलं. अजून आठवतं मला.

घरी २० मिनिटांचा गजर लावा. वाजला की वही बंद, खाली तुमची सही आणि ‘२० मिनिटं काम केलं’. बाईंना हे आधी कळवून ठेवा.

दुसरं म्हणजे शाळेकडे मूल्यमापनाची लेखी मागणी करा. तोंडी बोलणं हवेत विरतं. मी पहिलं वर्ष त्यातच घालवलं, म्हणून कळकळीनं सांगते. कॅलिफोर्नियात लेखी विनंती पोचल्यापासून १५ दिवसांत शाळेनं मूल्यमापनाचा आराखडा द्यायचा असतो. तुमची सही परत गेल्यापासून ६० दिवसांत आयईपीची, म्हणजे मुलासाठी खास शिक्षणाची लेखी योजना ठरवण्याची, बैठक. मोठ्या सुट्ट्या यात धरत नाहीत, म्हणून उन्हाळ्याची वाट बघू नका. बाहेरचा अहवाल सोबत जोडा. शाळेला तो विचारात घ्यावाच लागतो, पण तेवढ्यावर आयईपी मिळेलच असं नाही. टाइप करू देण्यासारख्या नुसत्या सवलतींनी भागत असेल तर ५०४ प्लॅन, म्हणजे शाळेनं लेखी दिलेली सवलतींची योजना, पुरतो. लिहायला वेगळ्या पद्धतीनं शिकवण्याची गरज असेल तर आयईपीच मागा.

आणि एक करून बघा. लिहायच्या आधी त्याला सगळं आजीला फोनवर सांगू दे, मराठीत, इंग्रजीत, येईल तसं. रेकॉर्ड करून ठेवा. माझ्या लेकीचे सगळे निबंध आधी असेच तोंडी झाले.

– लेकीची आई, सनीव्हेल

---

ताई, मनापासून आभार.

बाईंचं उत्तर आलं, टाइप केलेलं चालेल. मूल्यमापनाची ई-मेल आज सकाळीच पाठवली.

काल माझ्या आईला लातूरला फोन लावून दिला. १८६८च्या भूकंपात मिशनचं मातीच्या विटांचं चर्च कसं पडलं ते त्यानं सांगितलं. आईनं त्याला १९९३चं किल्लारी सांगितलं, दगडमातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर कशा आल्या ते. चौदा मिनिटं बोलत होते दोघं. फोन ठेवल्यावर स्वतःच लॅपटॉप उघडून त्यानं पहिला परिच्छेद बोलून लिहिला, मातीच्या भिंतींवर. सासरे शेजारीच बसले होते. त्यांनी तो दोनदा वाचायला मागितला.