३/८ + २/८ = ५/१६ का नाही? मुलाला कसं पटवू?

रामबागची_आई:
नमस्कार, आम्ही इंदूरला असतो, मुलगा सहावीत. अपूर्णांकांची बेरीज चालू आहे, शाळेत सांगतात हर (म्हणजे छेद, खालचा आकडा) सेम असेल तर तोच ठेवायचा. नियम पाठ आहे पण तो ऐकतच नाही, म्हणतो टेस्टमध्ये मला १० पैकी ७ आणि १० पैकी ८ मिळाले तेव्हा टीचरनी २० पैकी १५ लिहिले, तिथे खालचे आकडे मिळवले ना? मला उत्तरच सुचेना. "नियम आहे म्हणून कर" असं नाही सांगायचंय त्याला.

गणिताचे_मास्तर:
ताई, असं विचारणारी मुलं थोडी असतात, त्याला गप्प करू नका. मार्कांमध्ये पेपर दोन आहेत, एकत्र केले की पेपरच २० मार्कांचा झाला, म्हणजे पूर्ण बदललं. अपूर्णांकाच्या बेरजेत पूर्ण तेच राहतं. छेद सांगतो तुकडा केवढा, अंश सांगतो तुकडे किती, तीन आठवे नि दोन आठवे मिळून पाच आठवेच होणार. आणि ३/८ म्हणजे ६/१६ हे त्याला काढू द्या, मग त्याचं ५/१६ बघू द्या, मिळवल्यावर उत्तर आधीपेक्षा कमी कसं झालं? १/२ + १/२ त्याच्या पद्धतीने केलं तर २/४ येतं, म्हणजे परत अर्धाच.

सराफ्याजवळची:
मी मुलांना शेवेवरून सांगते. पाव किलो शेव आणली, पाहुणे येणार म्हणून अजून अर्धा किलो म्हणजे दोन पाव आणली, १/४ + २/४ = ३/४, पाऊण किलो, हे मुलं तोंडी सांगतात. छेद मिळवले तर ३/८ किलो म्हणजे ३७५ ग्रॅम होते, आणि अर्ध्या किलोची पुडी एकटीच ५०० ची आहे!

पाटीपेन्सिल:
वजाबाकी देऊन बघा. ७/९ − ४/९, छेद पण वजा केले तर ३/० येतं, शून्याने भागताच येत नाही. बरोबर उत्तर ३/९ म्हणजे १/३, ते संक्षिप्त रूप लिहायला लावा, मार्क तिथेच जातात.

रामबागची_आई:
३/० ला तो थांबलाच, वहीत परत करून बघितलं आणि म्हणाला मग बेरीज पण तशी नाही चालणार. मार्कांचं पण पटलं, खूप आभार सगळ्यांचे. आता ३ पूर्णांक १/५ मधून १ पूर्णांक ४/५ वजा करताना अडलाय, १ मधून ४ जात नाहीत म्हणून हातचा घेऊन ११ करतो.

गणिताचे_मास्तर:
इथे हातचा दहाचा नसतो, एक पूर्ण म्हणजे ५/५. तीनातला एक सुटा केला की २ पूर्णांक ६/५, त्यातून १ पूर्णांक ४/५ गेले, उरले १ पूर्णांक २/५. छेद ७ असता तर ७/७ मिळाले असते. चौकटीच्या वहीत पाच-पाच चौकटींच्या तीन पट्ट्या आणि वर एक चौकट काढायला सांगा, त्यातल्या नऊ खोडल्या की सात उरतात, एक पूर्ण पट्टी नि दोन चौकटी, ते त्याला स्वतः मोजू द्या.