डिझेल पिकअपसाठी टिकाऊ क्लच संच कोणता निवडावा?

मालवाहक (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे टर्बो डिझेल इंजिनाची पिकअप असून तिचा कमाल टॉर्क ४०० न्यूटन-मीटर आहे. इंजिनात कोणताही बदल केलेला नाही, मात्र गाडी बहुतेक वेळा पूर्ण भाराने चालते आणि अधूनमधून तिला ट्रेलरही जोडला जातो. अलीकडे चढावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, पण गाडीचा वेग वाढत नाही. क्लच बदलावा लागणार हे उघड दिसते. गिअरबॉक्स एकदा उतरवायचाच आहे, तर पुन्हा लवकर उतरवावा लागू नये अशी इच्छा आहे. क्लच प्लेटसाठी मूळ प्रकारची ऑरगॅनिक (तंतू व राळेची), केवलार (मजबूत कृत्रिम तंतूची) आणि सिरॅमिक असे पर्याय मला सुचवले गेले आहेत. शिवाय दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेले जड चाक), म्हणजेच ड्युअल मास फ्लायव्हील, काढून साधे घन फ्लायव्हील बसवावे असाही सल्ला मिळाला आहे. रोजच्या मालवाहतुकीसाठी यांतले खरोखर टिकाऊ काय ठरेल?

गिअरशाफ्ट

संच मागवण्याआधी एक तपासणी अवश्य करा. प्लेट झिजली की क्लच घसरतो हे खरे असले, तरी पेडलचा जोर द्रवातून पुढे पाठवणाऱ्या मास्टर सिलिंडरमधील द्रव परत जाण्याचे छिद्र तुंबले किंवा पेडलला जराही मोकळी चाल उरली नाही, तरीही क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर दाब राहून नेमके हेच लक्षण दिसते. क्लच घसरू लागल्यावर गाडी सुरक्षित जागी थांबवा, त्या द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीड स्क्रू (द्रव बाहेर काढण्याचा स्क्रू) क्षणभर सैल करून अडकलेला दाब जाऊ द्या आणि मग घसरणे थांबते का ते पाहा. थांबले, तर दोष हायड्रॉलिकमध्ये आहे, आणि तो तसाच ठेवून बसवलेली नवी प्लेटही काही काळाने जळेल. गिअरबॉक्स उतरवल्यावर प्लेटवर तेल दिसले, तर क्रँकशाफ्टचे मागचे सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील यांपैकी कोणते गळते आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घर्षणपट्टी

वरील तपासणीनंतर क्लचच गेला आहे असे ठरले, तर निवड प्लेटच्या पदार्थाच्या नावावरून करू नये, संच किती टॉर्क वाहू शकतो यावरून करावी. ही क्षमता चार गोष्टींवर ठरते: घर्षण गुणांक, प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर आवळून धरणाऱ्या भागाचा) दाब, घर्षण वलयाची सरासरी त्रिज्या आणि घर्षणाच्या पृष्ठभागांची संख्या. एका प्लेटला असे दोन पृष्ठभाग असतात. उदाहरणार्थ, गुणांक ०.३, दाब ८००० न्यूटन आणि सरासरी त्रिज्या १०४ मिलिमीटर धरली, तर क्षमता सुमारे ५०० न्यूटन-मीटर येते. म्हणजे आपल्या ४०० न्यूटन-मीटरच्या इंजिनासाठी जवळपास २५ टक्के राखीव. बदल न केलेल्या इंजिनाला एवढे पुरते, परंतु सतत ट्रेलर ओढणाऱ्यांनी याहून थोडी अधिक राखीव असलेला, जड कामासाठी बनवलेला ऑरगॅनिक संच घ्यावा असे माझे ठाम मत आहे.

सिरॅमिक प्लेट उष्णता फार चांगली सोसते, यात शंका नाही. मात्र ती एकदम पकडते, त्यामुळे भरलेली गाडी हळू मागे घेताना ती थरथरते, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लवकर झिजतो आणि गिअर व प्रोपेलर शाफ्टचे सांधे दर वेळी झटका खातात. प्लेट वाचवून बाकीचे भाग झिजवणे याला मी टिकाऊपणा म्हणणार नाही. केवलार मऊ पकडते आणि सावकाश झिजते, पण ती रुळवायला धीर लागतो आणि एकदा जास्त तापून तिचा पृष्ठभाग चकचकीत झाला, की पूर्वीची पकड सहसा परत येत नाही. फार कडक प्रेशर प्लेटचीही किंमत मोजावी लागते, कारण पेडल जड होते आणि ते दाबलेले असताना क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर अधिक भार येतो.

मालवाहक

मनापासून आभार. ब्लीड स्क्रू सैल करून पाहिले, तरी घसरणे तसेच राहिले, तेव्हा क्लचच बदलायचा आणि जड कामाचा ऑरगॅनिक संच घ्यायचा हे नक्की केले. फ्लायव्हीलचे काय करावे?

गिअरशाफ्ट

माझा कल मूळ प्रकार कायम ठेवण्याकडे आहे. डिझेल इंजिनाचा प्रत्येक स्फोट क्रँकशाफ्टला पीळ देतो, आणि कमी फेऱ्यांवर हे हेलकावे सर्वांत तीव्र असतात. ड्युअल मास फ्लायव्हीलमधील लांब स्प्रिंगा ते गिअरबॉक्सपर्यंत पोहोचण्याआधीच शमवतात. घन फ्लायव्हील स्वतः दीर्घकाळ टिकते, पण मग हे काम प्लेटच्या केंद्रातील लहान स्प्रिंगांवर येते, न्यूट्रलमध्ये गिअरचा खडखडाट ऐकू येऊ शकतो आणि कमी फेऱ्यांवर जोर लावताना गिअरबॉक्सला अधिक सोसावे लागते. गाडी प्रामुख्याने खडतर जागी, सतत अर्ध्या क्लचवर चालत असेल, तर हा व्यवहार पटण्यासारखा आहे, रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी मला तो पटत नाही. सध्याचे फ्लायव्हील वापरायचे असल्यास त्याची फिरती मोकळीक आणि डुगडुग निर्मात्याच्या मर्यादेत आहे का हे मोजून घ्या. निळे डाग, तडे किंवा बाहेर आलेले ग्रीस दिसले, तर ते बदलाच.

रिलीज बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचे टोक धरणारे पायलट बेअरिंग जुने ठेवू नका. स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या, आत असेल, तर तोही याच वेळी बदला. बसवताना गिअरबॉक्सचे वजन प्लेटच्या केंद्रावर लोंबकळू देऊ नये, त्याने नवी प्लेट वाकते आणि मग क्लच पूर्ण सुटत नाही.

घर्षणपट्टी

यापुढचे आयुष्य गाडी कशी जागेवरून निघते यावर अवलंबून राहील. सपाट रस्त्यावर इंजिनाच्या फेऱ्या स्थिर ठेवून निघाल्यास गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तितकीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. त्यामुळे १००० ऐवजी २००० फेऱ्यांवर क्लच सोडल्यास उष्णता चौपट होते. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ आणि दुसऱ्याचे २.३ असेल, तर तितक्याच फेऱ्यांवर दुसऱ्या गिअरमध्ये निघताना ती सुमारे तिप्पट होते. भरलेली गाडी नेहमी पहिल्यात आणि शक्य तितक्या कमी फेऱ्यांवर काढा, चढावर हँडब्रेकवर थांबा. पहिले सुमारे ८०० किलोमीटर ट्रेलर जोडू नका आणि जास्त गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका. या काळात वारंवार थांबत-निघत केलेला हलका प्रवास पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसवतो. सलग लांब महामार्गावर क्लच फारसा वापरलाच जात नाही, म्हणून ते अंतर या हिशेबात धरू नका.